शील : अंगवळणी पडलेला चांगुलपणा

आजच्या मराठीत 'शील' हा शब्द आक्रसून गेला आहे. एकटा आला की तो बहुधा स्त्रीच्या चारित्र्यापुरता उरतो. 'शीलभ्रष्ट' हे विशेषण पुरुषाला सहसा कोणी लावत नाही. समासात मात्र त्याचा मूळ अर्थ शाबूत आहे : सहनशील, विचारशील, दानशील. एकदाच दान देणाऱ्याला आपण दानशील म्हणत नाही. देणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, तोच दानशील.

धातुपाठात 'शील्' धातूचा एक अर्थ 'उपधारण' असा दिला आहे. उपधारण म्हणजे अभ्यास. 'परिशीलन', 'अनुशीलन' हे शब्द त्याच घरचे. आणि गंमत नव्हे, खरीच जुळणी अशी की ॲरिस्टॉटलही हेच सांगतो. स्वभाववाचक 'ईथोस' हा शब्द सवयवाचक 'एथोस'च्या अगदी जवळचा, हे दाखवून तो म्हणतो की न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो. अक्षराला वळण गिरवूनच लागते, तसे हे.

वाशीम जिल्ह्यात हा शब्द आजही दोन परंपरांत जिवंत आहे. कारंजा ही जैन भट्टारकांच्या पीठांची जुनी नगरी. जैन आचारात श्रावकाच्या पाच अणुव्रतांना जोड असते ती सात शीलव्रतांची. त्यांतल्या चारांचे नावच 'शिक्षाव्रते'. गावोगावच्या बुद्धविहारांत वंदनेला लहानथोर हात जोडून पंचशील म्हणतात. त्यातले प्रत्येक शील स्वतःला 'सिक्खापद' म्हणवते. ती वरून आलेली आज्ञा नव्हे. शिकण्यासाठी आपणहून उचललेले पाऊल आहे.

पाश्चात्त्य नीतिशास्त्र मात्र दीर्घकाळ नियम आणि परिणाम यांच्याच वादात गुंतले होते. 1958 मध्ये एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी विचारले की आज्ञा देणारा ईश्वरच मानायचा नसेल, तर 'केलेच पाहिजे' या शब्दांत बळ कुठून यायचे? 1981 मध्ये ॲलास्डेर मॅकिन्टायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' लिहिले आणि 'काय करावे' याआधी 'कसे माणूस व्हावे' हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. बाबासाहेब आंबेडकर त्या प्रश्नाशी आधीच भिडले होते. 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला : नियम निमूटपणे पाळता येतो, तत्त्वाने वागायचे तर विचार आणि जबाबदारी स्वतःची लागते.

पुन्हा वाशीमकडे येऊ. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इथे सापडलेल्या ताम्रपटात वाकाटक राजा विंध्यशक्ती स्वतःला 'धर्ममहाराज' ही पदवी लावतो. तिथे सदाचार राजाच्या नावाला जोडलेला आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी तो साऱ्या नागरिकांच्या अंगावर टाकला. संवैधानिक नीती ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांनी बजावले. 'जोपासणे' हे शीलाचेच काम.

ग्रामसभेत विरोधकाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, सहीचा अधिकार भाच्या-पुतण्यांसाठी न वापरणे, हे वारंवार केल्यावाचून संविधानाची कलमे कागदावरच राहतात. म्हणून शाळेत संविधानाची प्रास्ताविका पाठ करून घेणे पुरेसे नाही. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हरलेल्या मुलीला जिंकणारीचे मनापासून अभिनंदन करायला शिकवणे आणि जिंकणारीला तिचा सल्ला घ्यायला लावणे, हे खरे शीलाचे शिक्षण.