याहू गेम्स : फुकटच्या पटाची अठरा वर्षे

बुद्धिबळातील एक चाल दुसऱ्या संगणकाला कळवण्यासाठी १२ बिट पुरतात. पटावर घरे ६४. मोहरा कोणत्या घरातून उठला हे सांगायला सहा बिट आणि कोणत्या घरात बसला हे सांगायला आणखी सहा. प्याद्याचा वजीर झाला तर दोन-तीन बिटांची भर पडते, इतकेच. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनच्या तारेला जोडलेला मोडेम सेकंदाला जेमतेम २८,८०० ते ५६,००० बिट वाहून नेत असे. एखादे मोठे छायाचित्र पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उमटायला मिनिटभर लागे. चाल मात्र निमिषात पोहोचे. शिवाय आळीपाळीने खेळायच्या खेळात उत्तर सेकंदभर उशिरा आले तरी कुणाचे काही बिघडत नसे. वेगवान नेमबाजीच्या खेळांना जी तार कुचकामी ठरे, तीच पट, पत्ते आणि फासे यांना पुरून उरे. ‘याहू गेम्स’चा उदय या साध्या हिशेबावर उभा होता.

दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी खेळण्याची सोय त्याआधीही होती. १९९२ मध्ये अमेरिकेत ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. तो मोफत होता आणि स्वयंसेवकांच्या बळावर चाले. मात्र तिथे जायचे तर टेलनेटच्या आज्ञा टंकलिखित कराव्या लागत, आणि पट अक्षरांनीच रेखाटलेला असे. १९९५ मध्ये या सर्व्हरचे रूपांतर शुल्क आकारणाऱ्या क्लबमध्ये झाले, तेव्हा नाराज स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडून ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ उभारला. फुकट खेळाच्या जागेचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद त्या माध्यमाच्या बाल्यावस्थेतच उपस्थित झाला होता, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही संगणकभाषा जाहीर केली. तिच्यातील ‘ॲपलेट’ ही कल्पना त्या काळी विलक्षण होती. वेबपानासोबत एक छोटा प्रोग्रॅम आपोआप उतरतो, ब्राउझरच्या आत आखून दिलेल्या कुंपणात चालतो, आणि पान बंद केले की मागे काही ठेवत नाही. विंडोज असो वा मॅकिंटॉश, प्रोग्रॅम तोच. या तंत्राच्या आधारे जोएल कॉम आणि इरॉन जोकिपी यांनी १९९७ मध्ये ‘क्लासिक गेम्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. वर्षभरातच याहूने ते विकत घेतले, आणि मार्च १९९८ मध्ये ‘याहू गेम्स’ या नावाने ते जगापुढे आले. बुद्धिबळ, चेकर्स, बॅकगॅमन, हार्ट्स, स्पेड्स हे सारे जुनेच खेळ होते. नियम सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शिकवणीची गरज नाही. नवे होते ते समोरचे माणूस.

भारतात या जागेला सायबर कॅफेने हात दिला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण घरी जोडणी घेणे मध्यमवर्गालाही सहज परवडणारे नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत शहरोशहरी, मग तालुक्यांच्या गावीही, लाकडी फळ्यांचे आडोसे केलेली संगणकाची दुकाने उघडली. तिथे भाडे तासावर असे, आणि संगणकात नवा प्रोग्रॅम टाकायला मालकाची सहसा मनाई. ॲपलेटला टाकण्याची गरजच नव्हती. ज्या याहू खात्यावर ई-मेल येई, त्याच खात्यावर पटही मांडला जाई. ई-मेल तपासायला म्हणून आलेला विद्यार्थी उरलेली वीस मिनिटे पूलच्या टेबलावर घालवी, आणि पलीकडे चेंडूला काठी मारणारा खेळाडू कोणत्या देशात बसला आहे हे त्याला बहुधा कळतही नसे. २००४च्या राष्ट्रीय धोरणाने ब्रॉडबँडची किमान व्याख्याच २५६ किलोबिट अशी केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे इतक्या हलक्या खेळांचे महत्त्व ध्यानात येते.

याहू गेम्सची रचना एखाद्या जुन्या क्लबसारखी होती. प्रत्येक खेळाची दालने. नवख्यांची वेगळी, मुरलेल्यांची वेगळी, केवळ गप्पांसाठी येणाऱ्यांची वेगळी. दालनात टेबले, टेबलाशी खेळाडू, आणि भोवती नुसते बघे. प्रत्येकाच्या नावापुढे मानांकनाचा आकडा. हा आकडा ज्या पद्धतीच्या धर्तीवर काढला जाई, ती हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची. अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून निकालाची अपेक्षा आधी मांडायची, आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण वाढवायचे वा घटवायचे, हे तिचे सूत्र. २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी ही अपेक्षा असते. स्पर्धेच्या सभागृहाचे तोंड न पाहिलेल्या लक्षावधी लोकांना संभाव्यताशास्त्राचा हा प्रयोग याहूच्या दालनांत स्वतःच्या नावावर अनुभवायला मिळाला. पाठ्यपुस्तकांनी हे उदाहरण कधी उचलले नाही, याचे नवल वाटते.

पण आकडा आला की आकड्याची हाव आली. मांडीवर दुसरा प्रोग्रॅम उघडून त्याने सुचवलेल्या चाली खेळणे, हरण्याच्या बेतात असताना जोडणी तोडणे, दोन खाती उघडून स्वतःशीच हरणे, प्रतिस्पर्ध्याला टेबलावरून बाहेर ढकलणारी ‘बूटर’ साधने वापरणे, अशा खोड्या बोकाळल्या. त्यांना आळा घालायचा तर देखरेखीला माणसे हवीत, आणि माणसांना पगार हवा. उत्पन्न होते ते मुख्यतः पटाशेजारच्या जाहिरातींचे. पटाकडे डोळे लावून बसलेला माणूस जाहिरातीकडे पाहत नाही, ही अडचण कोणत्याही हिशेबनिसाला न सांगता कळावी. त्यामुळे खेळांची नवी रूपे आली, विकत घेऊन उतरवायच्या खेळांचे दुकान आले; मूळची दालने मात्र दुरुस्तीविना तशीच राहिली.

२००९ मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आला आणि फावल्या वेळातला खेळाडू तिकडे वळला. त्याहून मोठा आघात स्मार्टफोनचा. आयफोनच्या किंवा अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये जावा ॲपलेट चालतच नव्हते. ज्या तंत्राने ‘कुठूनही खेळा’ हे वचन दिले, ते खिशातल्या संगणकापाशी येऊन थांबले.

शेवटचा घाव सुरक्षिततेच्या बाजूने बसला. ॲपलेटभोवतीच्या कुंपणाला भगदाडे पडू लागली होती. एप्रिल २०१२ मध्ये जावामधील एका त्रुटीतून शिरलेल्या ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक संगणक बाधित केले. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला नागरिकांना दिला. तोवर जावाची मालकी ओरॅकलकडे गेली होती. तिने जानेवारी २०१४ मध्ये काढलेल्या आवृत्तीत प्रमाणित स्वाक्षरी नसलेली ॲपलेट मुळातच अडवली जाऊ लागली. जुने प्रोग्रॅम नव्याने घडवण्याइतका रस याहूला उरला नव्हता. बदललेले तंत्र आणि वाढलेल्या सुरक्षा-अटी ही कारणे देऊन ३१ मार्च २०१४ रोजी कंपनीने जुने बहुखेळाडू खेळ बंद केले. उरलेसुरले संकेतस्थळ १३ मे २०१६ रोजी मिटले. पुढच्याच वर्षी याहूचा मुख्य व्यवसाय व्हेरायझनने विकत घेतला.

भारतात रिकाम्या झालेल्या जागेत काय आले, हे पाहण्यासारखे आहे. २००६ मध्ये अनिल अंबानी यांच्या समूहाने ‘झपाक’ हे मोफत खेळांचे देशी संकेतस्थळ मोठ्या गाजावाजाने आणले. पण फोनच्या लाटेत तेही मागे पडले. पत्त्यांच्या टेबलावर मग पैसा येऊन बसला. रमीच्या ॲपना फुकट खेळाडू सोसावा लागत नव्हता, कारण प्रत्येक डावातून कमिशन सुटे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना वेगळे स्थान दिले. याहूची दालने यांपैकी ‘सामाजिक’ या रकान्यात बसली असती. त्या रकान्यातील सर्व्हरचे वीजबिल कोण भरणार, हा १९९५चा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे.

संगणकीय वारसा जपणाऱ्यांच्या दृष्टीने ही हानी वेगळ्या जातीची आहे. ॲडोबीचे फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले, त्याआधीच ‘फ्लॅशपॉइंट’ या स्वयंसेवी प्रकल्पाने हजारो खेळ उतरवून ठेवले होते. एकट्याने खेळायचा खेळ पूर्णपणे त्या एका फाइलीत असतो. दालनाचे तसे नाही. जोडीदार शोधणे, चालींची देवाणघेवाण, मानांकन, गप्पा हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर घडत होते आणि ॲपलेट म्हणजे त्याची केवळ खिडकी. प्रोग्रॅम खेळाडूच्या संगणकात असता तरी फरक पडला नसता. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये बॅकगॅमन, स्पेड्ससारखे ऑनलाइन खेळ आधीच भरून दिले होते. एक्सपीची सेवा ३१ जुलै २०१९ रोजी आणि विंडोज ७ची २२ जानेवारी २०२० रोजी थांबली. जुन्या संगणकांवर ती चिन्हे अजून दिसतात. टिचकी मारली की प्रोग्रॅम उघडतो आणि जोडीदार शोधत राहतो.

वेगळी वाट एकाच ठिकाणी नीट रुळलेली दिसते. २०१० मध्ये फ्रेंच प्रोग्रॅमर तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेले ‘लीचेस’ देणग्यांवर चालते, जाहिराती घेत नाही, आणि सर्व्हरचा संपूर्ण कोड जाहीर ठेवते. उद्या ते बंद पडले तर कोणालाही तो कोड घेऊन दुसरीकडे पट मांडता येईल. तिथे खेळले गेलेले मानांकित डाव दर महिन्याला एका खुल्या संग्रहात प्रसिद्ध होतात, आणि जगभरचे संशोधक मानवी निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी ते वापरतात. याहूच्या दालनांत सोळा वर्षे पडलेल्या डावांचा असा संग्रह कंपनीने कधी खुला केला नाही.