गृहाधारित नवजात बालसेवा
नवजात बाळाची काळजी आणि आजारी बाळावर उपचार घरीच करण्याची पद्धत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीतील ३९ गावांत ती राबवली. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, रडणे क्षीण झाले, की गावातलीच प्रशिक्षित आरोग्यदूत जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देई. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घटला. अल्पशिक्षित बाईच्या हाती सुई देण्याचे हे धाडस मोलाचे होते. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी गृहभेटी देतात. रुग्णालय गाठणे अशक्य असल्यास आरोग्यसेविकेला जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा २०१४ मध्ये मिळाली. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातील पाड्यांवरून आजही बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. तिथे ही मुभा जीवनमरणाची आहे.