ऋण, कर्ज आणि संगीताची पदवी : गांधर्व महाविद्यालयाच्या अर्थव्यवहाराचा एक विचार

प्रास्ताविक

आपल्याकडे संगीतशिक्षणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा घराणी, बंदिशी, स्वरलेखनपद्धती आणि गुरुशिष्यांची चरित्रे यांभोवती फिरते. शिक्षणाचा खर्च कोणी सोसला, तो कसा फिटला आणि शिकून बाहेर पडलेल्याने पुढे काय मिळविले, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत पालक मात्र नेमके हेच विचारतात. संगीत विषय घेऊन मुलाचे पोट भरेल काय, या त्यांच्या प्रश्नाला व्यावहारिक म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण तो शंभर वर्षांहून जुना आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या आधारे त्याचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऋणाकडून कराराकडे

पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली. मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर १८९६ मध्ये गुरुगृहातून बाहेर पडले. त्या परंपरेत शुल्क नव्हते. गुरूची सेवा, घरची कामे आणि गुरूची मर्जी हेच मोल होते. या देण्याला ऋण म्हणत. त्याला रक्कम नव्हती आणि मुदतही नव्हती, म्हणून ते कधी फिटतही नसे. वरून भावनेचे वाटणारे हे नाते शिष्याच्या बाजूने पाहिल्यास फार महागही पडू शकत होते.

विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा या देण्याचे स्वरूप बदलले. बडोद्यास मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून सयाजीरावांच्या आश्रयाने चालू होती, पण लाहोरच्या शाळेमागे कोणतेही संस्थान नव्हते. वर्गणी, विद्यार्थ्यांचे शुल्क, पुस्तकांची विक्री आणि पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न यांवर ती उभी होती. तिच्यात दोन तऱ्हेचे विद्यार्थी होते. मध्यमवर्गीय घरांतून येणारे शुल्क भरून शिकत. त्यांना गवई व्हायचे नव्हते, आणि पंडितजींनाही त्यांच्यातून तानसेन नव्हे, कानसेन घडवायचे होते असे सांगितले जाते. दुसरा वर्ग उपदेशकांचा. या मुलांना राहणे, जेवण व शिक्षण विनामूल्य मिळे. त्याबदल्यात नऊ वर्षे संस्थेत राहण्याचा करार लिहून द्यावा लागे. अखेरीस ‘संगीत प्रवीण’ ही पदवी मिळे.

या करारनाम्याचे महत्त्व फारसे लक्षात घेतले गेलेले नाही. अमर्याद ऋणाला त्याने प्रथमच मुदत घातली. विद्यार्थी पैशाचे कर्ज घेत नव्हता, परंतु वयाची नऊ वर्षे तारण ठेवीत होता, आणि ती बहुधा शालेय शिक्षणाची वर्षे असत. याच परंपरेत राहून बी. ए. झालेल्या प्रा. बी. आर. देवधरांसारखे विरळाच.

मुंबईची इमारत

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि पुढे मुंबईच संस्थेचे प्रमुख केंद्र झाले. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली ती कर्ज काढून. ते फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. चरित्रकार या घटनेवरून बहुधा हळहळून पुढे सरकतात, आणि काहींच्या लेखी ते पंडितजींच्या व्यवहारशून्यतेचे फळ असते. हे मत मान्य करणे कठीण आहे. ज्या गृहस्थाने परप्रांतात राजाश्रयावाचून शाळा चालविली, तिकीट लावून जलसे केले, स्वतःचा छापखाना काढून पाठ्यपुस्तके विकली, त्याला व्यवहार कळत नव्हता असे कसे म्हणावे?

दोष मांडणीत होता. कर्जाचे व्याज ठरल्या तारखेस द्यावे लागते, तर जलशाचे उत्पन्न हंगामी आणि अनिश्चित असते. उपदेशक वर्ग जितका वाढे तितका भोजनखर्च वाढे, शुल्क मात्र वाढत नसे. कानसेनांच्या शुल्कातून उपदेशकांचा खर्च पूर्ण भागत नव्हता आणि उरलेला भार एका माणसाच्या गळ्यावर येत होता. सावकाराच्या दृष्टीने इमारत हे तारण असले, तरी खरे तारण पंडितजींचा आवाज हेच होते. त्यातच उत्तरायुष्यात ते रामनाम व रामायण-प्रवचनांकडे अधिकाधिक वळत गेले. त्यांच्या भक्तीचा हिशेब मांडणे प्रशस्त नाही, पण सावकाराने तो मांडला असणार.

याच काळात व्यवसायाने वकील असलेल्या पं. वि. ना. भातखंडे यांनी वेगळी वाट धरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय निघाले. १९२६ मध्ये लखनौला निघालेल्या महाविद्यालयाला तर प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचे नाव मिळाले. ते नाव आज अनेकांना खटकेल. परंतु हेच महाविद्यालय २००० मध्ये अभिमत आणि २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ झाले, आणि सँडहर्स्ट रोडची इमारत शंभर वर्षांपूर्वीच संस्थेच्या हातून गेली, हेही नोंदवले पाहिजे.

पदवीची मिळकत

मग नऊ वर्षे देऊन मिळविलेल्या पदवीवर शिष्यांनी काय कमावले? पं. विनायकराव पटवर्धन १९२२ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. विष्णु दिगंबरांनी संगीताला प्रतिष्ठित घरांत नेले, आणि त्यांच्या एका अग्रगण्य शिष्याला नियमित मिळकत मिळाली ती रंगभूमीवर. पं. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. त्यांचे बंधू पं. शंकरराव व्यास चित्रपटांकडे वळले. ‘रामराज्य’ (१९४३) चे संगीत त्यांचेच. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःचे विद्यालय काढले. पं. ओंकारनाथ ठाकूर १९५० मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

ही नावे शिखरावरची आहेत. त्यांच्याकडे पाहून सर्वसाधारण उपदेशकाच्या मिळकतीचा अंदाज बांधणे म्हणजे एका आमदाराकडे पाहून सर्व वकिलांची कमाई ठरविण्यासारखे होईल. तरीही त्यांच्यातून एक गोष्ट दिसते. नाटक, ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांनी पैसा दिला तो आवाजाला. प्रमाणपत्र तेथे कोणी विचारीत नव्हते. पदवीला बाजारभाव होता तो अध्यापनात. म्हणजे संगीताच्या पदवीधराची मिळकत संगीत शिकू इच्छिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून राहिली. आज तासिका तत्त्वावर शिकविणारे आपले सहकारी याच साखळीचे कडे आहेत. आजच्या विद्यार्थ्याच्या कपाळी नऊ वर्षांचा करार नाही, पण शुल्क आहे, वसतिगृहाचा खर्च आहे, वाद्याची किंमत आहे आणि त्यासाठी कुटुंबाने उचललेली रक्कम आहे. ती परत करण्याची मुदत बँक ठरविते, रियाज पिकण्याची मुदत मात्र कोणालाच ठरविता येत नाही.

मंडळाची परीक्षा

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकरावांनी १९३२ मध्ये नाटक मंडळी सोडून पुण्यात विद्यालय काढले. मंडळाने मोठी इमारत आणि विनामूल्य वसतिगृह हा मार्ग पुन्हा धरला नाही. त्याने प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत परीक्षांची शिडी उभी केली. शिकविण्याचा खर्च गावोगावच्या शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सोसायचा, मंडळाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची व प्रमाणपत्र द्यायचे, अशी ही विभागणी होती. संस्थेवरचे कर्ज टळले ते या रचनेमुळे. प्रारंभिक किंवा प्रवेशिकेला बसणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांना संगीतावर उपजीविका करायचीच नसते. त्यांच्या परीक्षा-शुल्कावर मंडळ चालते आणि त्यांच्या शिकवणीवर एखाद्या तालुक्याच्या गावातला विशारद आपला संसार चालवितो.