शस्त्र नसलेल्या विमानातले सैनिक

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, आखेन शहराच्या उत्तरेस, नेदरलँड्सच्या सीमेलगत गाइलेनकिर्शेनचा लष्करी विमानतळ आहे. नाटोची ई-3ए जातीची विमाने 1982 पासून तिथून उडतात. बोइंग 707 च्या सांगाड्यावर बांधलेल्या या विमानांच्या पाठीवर सुमारे नऊ मीटर व्यासाची फिरती तबकडी असते आणि तिच्यात रडार असते. विमान नऊ-दहा हजार मीटर उंचीवर गेले की चारशे किलोमीटरपर्यंतचे आकाश त्याला दिसते. लोक त्याला ‘अवॅक्स’ म्हणतात. टेहळणी हे त्याचे अर्धेच काम आहे. पडद्यांसमोर बसलेले नियंत्रक लढाऊ विमानांना दिशा देतात, लक्ष्य दाखवतात आणि वरून आलेला हुकूम पोचवतात. म्हणजे हे आकाशातले आदेशकेंद्रच आहे. मात्र त्यात ना तोफ असते ना क्षेपणास्त्र.

या विमानात बसणारा जर्मन सैनिक लढाईत असतो की नसतो? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला 1993 मध्ये या प्रश्नाने गाठले. उत्तर शोधायचे तर उरलेले कागद एकामागून एक वाचावे लागतात आणि प्रत्येक कागद किती सांगतो, कुठे थांबतो, हेही तपासावे लागते.

पहिला पुरावा खुद्द विमानावर आहे. शेपटीवर लक्झेंबर्गचा सिंह आहे आणि नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘एलएक्स-एन’ या अक्षरांनी होते. नाटोने घेतलेली ही 18 विमाने लक्झेंबर्गच्या नावावर नोंदवली गेली, आणि त्या देशाचे स्वतःचे हवाई दल नव्हते. विमान अनेक देशांच्या सामाईक मालकीचे असल्याने कागदोपत्री कुणाच्या तरी नावावर असणे भाग होते. ही नोंद निश्चित आहे, पण आपल्या प्रश्नाला ती उपयोगी पडत नाही. आत सुमारे 16 जण असत: वैमानिक, दिशादर्शक, उड्डाण अभियंता, टेहळणी करणारे, नियंत्रक, रडार आणि संपर्कयंत्रणेचे तंत्रज्ञ. ते वेगवेगळ्या देशांचे असत, आणि एकाच पाळीत मिसळून काम करत. कुठल्या दिवशी कोणत्या खुर्चीवर कोणत्या देशाचा माणूस होता, ते सिंह सांगत नाही.

दुसरा पुरावा कार्ल्सरुहच्या संघीय घटना न्यायालयात मिळतो. बोस्नियाच्या आकाशात लष्करी उड्डाणांना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 9 ऑक्टोबर 1992 रोजी ठराव 781 ने बंदी घातली होती. अवॅक्स विमाने त्या बंदीवर नजर ठेवत होती. पुढे 31 मार्च 1993 रोजी ठराव 816 आला आणि बंदी बळाने अमलात आणायची मुभा मिळाली. इथून पडद्यासमोरच्या माणसाच्या कामाचा अर्थच बदलला. काल तो बंदी मोडणाऱ्या विमानाची नोंद करत होता, उद्या तो त्याच विमानावर लढाऊ विमान सोडणार होता.

हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळाने 2 एप्रिलला जर्मन सैनिक विमानातच राहतील असे ठरवले. या निर्णयाला सरकारातल्याच एफडीपी पक्षाने न्यायालयात आव्हान दिले, आणि विरोधातल्या एसपीडीनेही. परराष्ट्रमंत्री क्लाउस किंकेल स्वतः एफडीपीचे होते. न्यायालयाने 8 एप्रिलला अंतरिम मनाई नाकारली. मते पाच विरुद्ध तीन अशी पडली. निकालसंग्रहाच्या 88 व्या खंडात, पान 173 पासून, हा आदेश छापलेला आहे. बंदी बळाने अमलात आणणारी ‘डिनाय फ्लाइट’ ही कारवाई 12 एप्रिलला सुरू झाली. ठरावापासून कारवाईपर्यंत बारा दिवस.

आपल्या शोधात हा आदेश मोलाचा आहे, कारण सरकारला आपली बाजू मांडताना आतल्या माणसांबद्दल बोलावे लागले. नाटोच्या अवॅक्स दलात जर्मनांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. त्यांना काढून घेतले तर कारवाईच धोक्यात येईल आणि मित्रराष्ट्रांचा विश्वास तुटेल, हा युक्तिवाद न्यायालयाच्या तोलामापात जड ठरला. इतरत्र सहजासहजी न सापडणारे प्रमाण असे न्यायालयाच्या कागदावर आले. तरी एक खबरदारी घ्यायला हवी. हे प्रमाण संपूर्ण दलाचे आहे, एकेका उड्डाणाचे नाही.

ही खबरदारी का हवी, ते तिसऱ्या पुराव्यात कळते. 28 फेब्रुवारी 1994 च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास नाटोच्या अवॅक्सला बोस्नियातल्या बान्या लुकाजवळ अनोळखी विमाने दिसली. दोन अमेरिकी एफ-16 विमानांना तिकडे वळवण्यात आले. उतरा किंवा बंदीक्षेत्राबाहेर जा, असे इशारे देण्यात आले. ते मानले गेले नाहीत. अमेरिकी वैमानिकांनी ‘जास्त्रेब’ जातीची चार विमाने पाडली. नाटोच्या इतिहासातली ही पहिली लढाई. मारा करणारी विमाने ज्या तुकडीची होती, तिचे मूळ ठाणेही जर्मनीतच, रामश्टाइनला होते.

या प्रसंगाच्या नाटोच्या तपशिलात वेळ आहे, जागा आहे, इशारे आहेत. अवॅक्समधल्या माणसांचे देश मात्र नाहीत. तिथे जर्मन होते का? प्रमाण तीस टक्के आणि ताफा 16 जणांचा असेल तर चार-पाच जर्मन असणार, असे गणित पटकन सुचते. पण नाटोच्या याच दलात ब्रिटनच्या वॉडिंग्टन तळावरची ई-3डी विमानेही होती आणि ती ब्रिटिश सैनिक चालवत. त्या सकाळी कोणते विमान आकाशात होते, हे ठरल्याशिवाय गणित पुढे सरकत नाही. म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. जर्मन सैनिकांना त्या काळात या कामाची मोकळीक होती, हे निश्चित. गाइलेनकिर्शेनचे विमान असेल तर त्यात जर्मन असण्याची शक्यता मोठी. त्या क्षणी पडद्यासमोर जर्मन होता, हा निव्वळ अंदाज.

चौथा कागद 12 जुलै 1994 चा, खंड 90, पान 286. एड्रियाटिक समुद्रातली गस्त, अवॅक्स आणि सोमालिया ही तिन्ही प्रकरणे त्यात एकत्र आली. न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. सामूहिक सुरक्षेच्या व्यवस्थेचा भाग म्हणून जर्मन सैन्याला अशा कारवायांत जाता येते. पण सशस्त्र कारवाईला संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, संमती लागते आणि ती साधारणपणे आधीच घ्यावी लागते. सरकारने ती घेतली नव्हती. दहा दिवसांनी, 22 जुलैला, बुंडेस्टागने मागाहून मान्यता दिली. बान्या लुकाची सकाळ या निकालाच्या साडेचार महिने आधीची आहे. म्हणजे जर्मन सैनिकांना तेव्हा मोकळीक होती, पण संसदेची संमती नव्हती.

तरी मूळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नव्हते. ते एका दुसऱ्या युद्धाने मिळवून दिले. इराक युद्धाच्या तोंडावर तुर्कस्तानने नाटोकडे संरक्षण मागितले. 26 फेब्रुवारी ते 17 एप्रिल 2003 या काळात गाइलेनकिर्शेनची अवॅक्स विमाने कोन्याच्या तळावर राहून तुर्की आकाशात उडाली. गेरहार्ड श्रोडर यांचे सरकार इराक युद्धाच्या विरोधात होते, पण या विमानांत जर्मन सैनिक होते. सरकार म्हणाले, ही मित्रराष्ट्राच्या हद्दीतली नेहमीची गस्त आहे, संसदेला विचारायची गरज नाही. आता विरोधात असलेली एफडीपी पुन्हा कार्ल्सरुहला गेली. 25 मार्चला अंतरिम आदेश नाकारला गेला. अंतिम निकाल 7 मे 2008 रोजी आला.

हा पाचवा कागद, खंड 121, पान 135. निकाल एफडीपीच्या बाजूने लागला. लढाईत ओढले जाण्याची ठोस अपेक्षा असेल तर संमती आधी हवी, असे न्यायालय म्हणाले. या निकालातला एक विचार आपल्या शोधाचा गाभा आहे. शस्त्र चालवायला उपयोगी पडणारी माहिती जो देतो, लढाईला थेट दिशा देणारी टेहळणी जो करतो, किंवा शस्त्र वापरण्याचा हुकूम जो देऊ शकतो, तो सशस्त्र संघर्षात सामील आहे. त्याच्या स्वतःच्या अंगावर शस्त्र असण्याची गरज नाही. 1993 मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांनी लिहिले गेले.

हे उत्तर कागदावरच राहिले नाही. मार्च 2011 मध्ये लिबियाविषयीच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक 1973 वर जर्मनी तटस्थ राहिला आणि भूमध्य समुद्रावरच्या अवॅक्समधून त्याने आपली माणसे काढून घेतली. त्याच महिन्याच्या 25 तारखेला बुंडेस्टागने अफगाणिस्तानवरच्या अवॅक्ससाठी कमाल 300 सैनिकांना मंजुरी दिली. एकाच तळावरची, एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसणारी माणसे. कुठे बसायचे आणि कुठून उठायचे, हे आता बर्लिनमध्ये उघडपणे ठरत होते.

हे सगळे कागद एकत्र ठेवले की एक उणीव ठळक दिसते. त्यांत देश आहेत, टक्के आहेत, तारखा आहेत. उदाहरणार्थ, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नाटोची सात अवॅक्स विमाने अमेरिकेच्या आकाशात गस्तीला गेली. ऑक्टोबर 2001 ते मे 2002 या काळात 13 देशांच्या 830 जणांनी 360 हून अधिक उड्डाणे केली, अशी नोंद आहे. पण एका विशिष्ट पाळीत कोण कुठे बसला होता, इशारा कुणी उच्चारला, पडद्यावरचा ठिपका विझला तेव्हा शेजारचा काय म्हणाला, हे न्यायालय विचारत नाही. न्यायालयाला अधिकाराचा प्रश्न सोडवायचा असतो. बाकीचे फक्त त्या ताफ्यातल्या माणसांजवळ आहे, आणि 1994 साली तिशीत असलेले आता साठी ओलांडत आहेत. त्यांच्या आठवणी तारखेसह आणि कामाच्या नेमक्या जागेसह लिहिल्या गेल्या, तरच त्या या कागदांशी जुळवून पाहता येतील.

हे आपल्यालाही लागू आहे. भारतीय हवाई दलाचे पहिले अवॅक्स मे 2009 मध्ये देशात आले. त्याआधी, 11 जानेवारी 1999 रोजी, अशाच देशी विमानाच्या चाचणीत अरक्कोणमजवळ आठ जणांचा बळी गेला होता. हवाई दलातून आणि संरक्षण संशोधनातून निवृत्त झालेली माणसे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आहेत. गुप्ततेचा नियम जिथे आड येत नाही, तेवढे त्यांनी लिहून ठेवावे: तारीख, तळ, विमान, आपली खुर्ची, आपले काम. घरच्यांनी त्यांना तसा आग्रह करावा. जे स्वतः पाहिले आणि जे नंतर ऐकले, ते वेगवेगळे लिहावे. उद्याच्या इतिहासकाराला एवढे पुरेल.