सात शिलिंगांचा दिवस

मी पगारपत्रकं करते. आधी न्यू जर्सीत एडिसनला सहा हॉटेलांची करायचे, आता मेलबर्नमध्ये दोन कॅफे आणि एका सफाई कंत्राटदाराची करते. त्यामुळे "अमेरिका स्वस्त की ऑस्ट्रेलिया?" असं कुणी विचारलं की मला दुधाचा किंवा पेट्रोलचा भाव आठवत नाही. आठवतो २.१३ हा आकडा. एडिसनमध्ये वाढपी मुलींचा तासाचा मूळ दर मी २ डॉलर १३ सेंट भरत असे. बाकीचं गिऱ्हाइकाच्या टिपेवर. टीप धरूनही किमान वेतन भरलं नाही, तर फरक मालकानं द्यायचा. केंद्राचा हा दर १९९१ पासून हललेला नाही.

मेलबर्नला आल्यावर रविवारचा वाढीव दर पाहिला. शिवाय हंगामी माणसाला २५ टक्के जास्त, आणि कायम माणूस सुट्टीवर गेला तर सुट्टीच्या पगारावर आणखी साडेसतरा टक्के! नोंद चुकली असेल म्हणून मी मालकाला फोन केला. नोंद बरोबर होती. कॉफी इथे महाग का, ते मला त्या दिवशी समजलं.

या दरांचं मूळ माझ्याच वाटेवर आहे. मी राहते त्या टारनीटहून शहराकडे जाणारी माझी गाडी सनशाइनला थांबते. या गावाला नाव मिळालं ते ह्यू व्हिक्टर मॅकाय यांच्या कारखान्यामुळे. उभ्या गव्हाची कणसं ओरबाडून, मळून, पाखडून देणारं सनशाइन हार्वेस्टर तिथे बनायचं. आता त्या जागेवर मोठं शॉपिंग सेंटर आहे. कारखान्याच्या घड्याळाचा मनोरा अजून उभा आहे. एका शनिवारी मी मुद्दाम उतरून तो बघून आले.

मॅकाय यांना अमेरिकन आणि कॅनेडियन यंत्रांची धास्ती होती, म्हणून त्यांनी सरकारकडे संरक्षण मागितलं. सरकारनं ते दिलं, पण अट घातली: कामगाराला वाजवी मजुरी देणाऱ्यालाच देशी यंत्रावरचा कर माफ. वाजवी म्हणजे किती, हे ठरवायचं काम न्यायमूर्ती हेन्री बोर्न्स हिगिन्स यांच्याकडे आलं. त्यांनी मालकाला काय परवडतं इथून सुरुवात केली नाही. कामगारांच्या बायकांच्या साक्षी ऐकल्या. घरभाडं, किराणा, पाव, मटण, दूध, सरपण, भाजी असा घरखर्च मांडला. पाच माणसांच्या घराला आठवड्याला ३२ शिलिंग ५ पेन्स. त्यात दिवाबत्ती नाही, कपडे-बूट नाहीत, शिलाई मशीन नाही, वर्तमानपत्र नाही, आजारपण नाही, हेही त्यांनी निकालात नोंदवलं. मॅकाय साध्या मजुराला दिवसाला ६ शिलिंग देत होते. ८ नोव्हेंबर १९०७ ला हिगिन्स यांनी ७ ठरवले. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयानं तो करकायदा रद्द केला, तरी ७ शिलिंगांचं माप पुढे देशभर धरलं गेलं.

त्याच धंद्यातलं शिकागो आठवा. मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर मे १८८६ मध्ये संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. देशभरचं आंदोलन आठ तासांच्या दिवसासाठी चाललं होतं, आणि मेलबर्नच्या पाथरवटांनी तो दिवस १८५६ मध्येच मिळवला होता. अमेरिकेत कोर्टं आडवी आली. न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा कायदा १९०५ मध्ये रद्द झाला, राजधानीतल्या बायकांचं किमान वेतन १९२३ मध्ये. देशव्यापी किमान वेतन आलं ते १९३८ मध्ये, तासाला २५ सेंट. हॉटेलातल्या नोकरांना ते १९६६ नंतर मिळालं, तेही टीप वजा करायची मुभा मालकाला देऊन. माझा २.१३ तिथून आला.

पण हिगिन्स यांच्या हिशेबातलं घर कुणाचं होतं, हेही मी विसरत नाही. साक्ष दिली बायकांनी, आणि पुढे कित्येक वर्षं बायकांची मजुरी पुरुषांच्या सुमारे ५४ टक्के राहिली. मूळच्या रहिवाशांना या हिशेबात धरलंच नव्हतं. वेव्ह हिल या गुरांच्या मळ्यावरच्या गुरिंजी गुराख्यांना मजुरीसाठी १९६६ मध्ये काम सोडून बाहेर पडावं लागलं. माझ्यासारख्यांना तर १९०१ च्या कायद्यानं या देशाचं दारच बंद होतं.

मी इथे आले तेव्हा सांगलीहून आईनं फोनवर विचारलं, "अगं, भाडं आठवड्याला? आठवडी बाजारासारखं?" हो, इथे भाडं आठवड्यावरच सांगतात. हिगिन्स यांच्या हिशेबातही मजुराचं भाडं आठवड्याला ७ शिलिंगच होतं. म्हणजे सहा दिवस राबणाऱ्याचा एक दिवस घरमालकाचा, पाच दिवस घरचे.

जुलै २०२५ पासून इथे किमान वेतन तासाला २४ डॉलर ९५ सेंट झालं, ३८ तासांच्या आठवड्याला ९४८ डॉलर. कंत्राटदाराकडच्या सफाईवाल्या मुलांची पत्रकं मी दर बुधवारी करते. त्यातला एक जण आमच्याच गल्लीत राहतो, बायको आणि दोन लेकरांसह. घर माझ्या घरासारखंच, भाडंही तेवढंच: आठवड्याला ४५० डॉलर. त्याचा सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ भाड्यातच जाते.