नळाला हात कोणाचा?

टप्... टप्... टप्...

हा आवाज मी इंटरनेटवरून उतरवलेला नाही. आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचा आहे, रात्री दोन वाजता फोनवर रेकॉर्ड केलेला. हा नळ दोन महिने टपकत होता. अर्धवट उघडला की 'घूंऽऽ' असा भोंगाही वाजायचा. मी काय केलं? हेडफोन घातले. कोड लिहिणारी माणसं बग दिसला की आधी 'नंतर बघू' म्हणतात, तसंच.

मग आजी राहायला आली. वय चौऱ्याऐंशी. पहिल्याच रात्री हॉलमध्ये लाइट लागला. बघतो तर आजी नळाखाली पातेलं ठेवून उभी. "अरे, झोप कशी लागते रे तुम्हाला? पाणी चाललंय!"

आजी लग्न होऊन १९६० साली कसबा पेठेतल्या वाड्यात आली. वाड्याच्या चौकात सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच नळ. पहाटे पाइपमधली हवा 'फुस्स' करून बाहेर पडायची, की बायका हंडे-कळशा घेऊन धावायच्या. म्हणजे आपल्यासाठी जो आवाज कटकट आहे, तो तिच्यासाठी अलार्म होता. चोवीस वर्षांपूर्वी वाडा सोडला, पण कान अजून तिथेच आहेत.

तर आजचा भाग या नळाबद्दल. आणि त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

कसब्यात साततोटी चौक आहे. तुमच्यातले कितीतरी जण तिथून रोज गाडीवरून जात असतील. तोटी म्हणजे पाणी पडायचं तोंड. पुढे फडके हौद चौक. आपण या नावांचे बसस्टॉप करून टाकले, पण हे पुण्याच्या पाणीपुरवठ्याचे पत्ते आहेत. १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधले आणि तिथून जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. 'नळ' म्हणजे पाइप नव्हे हं, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा बोगदा. वाटेत हवा खेळायला आणि गाळ काढायला उच्छ्वास. पंप नाही, मोटर नाही. कात्रज उंचावर, शहर खाली, एवढ्या उतारावर सगळं काम. हौदात पाणी पडायचं, लोक भांडं बुडवून न्यायचे.

पुढे इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासल्याला धरण बांधलं, कालवा काढला. हळूहळू लोखंडी पाइप आले आणि पाइपबरोबर पाण्याला दाब आला. दाबातलं पाणी अडवायचं तर पक्कं झाकण हवं. ते तंत्र इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावात सापडतं. गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये स्क्रूने दाबून बंद होणाऱ्या नळाचं पेटंट घेतलं. तुमच्या घरात जुन्या पद्धतीचा, दोन-तीन वेळा फिरवून बंद होणारा नळ असेल, तर आत तीच आयडिया आहे. मूठ फिरवली की स्पिंडल खाली जातो आणि टोकाचा रबरी वायसर पाण्याच्या भोकावर घट्ट बसतो. बस्स, एवढंच.

म्हणजे अख्ख्या धरणाचं पाणी शेवटी चार-पाच रुपयांच्या रबराच्या चकतीवर येऊन थांबतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आजी तेव्हा नवी सून. आमचा वाडा वाचला, पण चौकातला नळ कोरडा. "मग काय केलंत?" मी विचारलं. "काय करणार? विहिरी उपसल्या. जुन्या हौदांवर रांगा लागल्या." ज्याला सगळे जुनाट म्हणत होते, तो बॅकअप कामाला आला.

आणि मग, पातेल्यात पडणाऱ्या थेंबांकडे बघत, आजी एक गोष्ट बोलली. ती मी आजवर कधी ऐकली नव्हती.

"वाडा झाडायला एक बाई यायची. तिला पाणी हवं असलं की आम्ही वरून ओतायचो. तिने नळाला हात नाही लावायचा. मीही ओतलंय. तेव्हा काही वाटलं नाही रे. आता रात्री आठवतं."

मला काय बोलावं कळेना. मनात फक्त वर्षांचा हिशोब सुरू झाला. आमच्या वाड्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांचं घर. त्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. कागदावर. म्हणून तर २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट हे शब्द मुद्दाम लिहिले गेले. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, फुल्यांच्या हौदानंतर ब्याण्णव वर्षांनी, माझी आजी वरून पाणी ओतत होती.

कात्रजचा नळ कसा बांधला हे आपण कौतुकाने सांगतो, सांगावंच. पण पाणी शहरात पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं असं नाही.

असो, आता दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकखालचा कॉक बंद केला. नळ उघडून राहिलेलं पाणी जाऊ दिलं. पान्ह्याने वरचा भाग सोडवला, स्पिंडल बाहेर काढला. वायसरवर गोल खाच पडली होती. का? कारण टपकतोय म्हणून मी रोज आणखी आवळत होतो आणि रबर आणखी कापलं जात होतं. शिवाय वायसर सैल झालेला. पाणी त्याला थरथरवायचं, तोच तो भोंगा. जुना वायसर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मापाला तोच दाखवायचा, नाहीतर दोन फेऱ्या होतात. बसायची जागा पुसली, नवा वायसर घातला, पुन्हा बसवलं. वीस मिनिटं.

आणि 'टप्' आवाजाचं म्हणाल तर केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की थेंब पडल्यावर पाण्याखाली हवेचा छोटा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरतो, त्याचा हा आवाज. खालच्या भांड्यात भांडी घासायचा साबण टाका, आवाज थांबतो. गळती नाही थांबत बरं का.

ती किती होती? आदल्या रात्री मोजलं. आठ तासांत दोन लिटर. म्हणजे दिवसाला सहा, वर्षाला जवळपास दोन हजार दोनशे लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. अशी पाच घरं टपकली की वर्षाला एक टँकर गटारात.

दुपारी कामाला येणाऱ्या ताईंनी नळ उघडला, बंद केला, परत उघडला. "झाला का दादा एकदाचा? दोन महिने सांगत होते मी."

खरंच सांगत होत्या. त्यांच्या वस्तीत पाणी दिवसातून दोन तास येतं. थेंब सगळ्यात आधी त्यांना ऐकू आला होता. हेडफोन माझ्या कानात होते.

आजीने त्यांच्यासाठी चहा टाकला. पाणी त्यांनी स्वतःच नळावरून घेतलं.

तर मंडळी, आज घरातले सगळे नळ एकदा बघा. आणि घरात कोणी जुनं माणूस असेल तर विचारा, तुमच्या वेळी नळाला हात कोण लावायचं? भेटू पुढच्या भागात.