भातात जव किती?

1960 आणि 1970च्या दशकांत दक्षिण कोरियातल्या शाळांमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबे तपासले जात. मुलांनी झाकणे उघडून डबे बाकावर ठेवायचे आणि शिक्षकांनी रांगांमधून फिरत भातात जव किंवा दुसरे धान्य पुरेसे मिसळले आहे ना, हे पाहायचे. नुसता पांढरा भात आणणाऱ्याला बोलणी बसत, कधी शिक्षाही होई. 1961च्या लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या सरकारची ही मोहीम होती. तिचे समर्थन मात्र आरोग्याच्या नावाने केले जाई. जव पौष्टिक, गव्हाचे पदार्थ अंगी लागणारे आणि नुसता तांदूळ निकस, असे मुलांना शिकवले जाई.

त्यात तथ्य नव्हते असे नाही. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरी होतो, हे तेव्हा ठाऊक होते. पण त्याच काळातले इतर हुकूम पाहिले की खरे कारण कळते. बुधवारी आणि शनिवारी दुपारी खानावळींना भाताचे पदार्थ विकायला मनाई होती. माकगल्ली ही पारंपरिक दारू तांदळापासून गाळण्यावरही बंदी होती. दारू पौष्टिक व्हावी म्हणून काही ही बंदी नव्हती. देशात तांदूळ पुरत नव्हता आणि तो आयात करण्यात परकीय चलन घालवणे सरकारला परवडत नव्हते. अमेरिकेचा गहू मात्र मदतीच्या रूपाने येत होता. पुढे ‘तोंगिल’ या भरघोस उत्पन्न देणाऱ्या वाणामुळे 1977च्या सुमारास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, त्याच वर्षी तांदळाच्या माकगल्लीला परवानगी मिळाली आणि डबे तपासण्याचा उत्साहही ओसरला. नियम पोषणासाठी असता, तर कोठारे भरल्यावरही तो टिकला असता.

यावर कोणी म्हणेल की टंचाई खोटी नव्हती, मग काटकसर सक्तीची केली तर बिघडले कुठे? टंचाई भारतातही होती. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, पण ते पाळणे न पाळणे लोकांवर सोडलेले होते. कोरियात सरकारने मुलाचा डबा निवडला, कारण त्यातून घरचा स्वयंपाक दिसतो. घरोघरी पोलीस पाठवण्यापेक्षा वर्गात शिक्षक उभा करणे स्वस्त होते. धान्य ठरवणार आई, पण बोलणी खाणार मूल. मग मुलेही वाटा शोधत. खाली भात दडवून वर जवाचा थर द्यायचा, नाहीतर शेजारच्या डब्यातले चार दाणे मागून आपल्या भातावर पेरायचे, अशा युक्त्या त्या पिढीला चांगल्याच आठवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जव हे गरिबाचे अन्न. सगळ्यांच्याच डब्यात तो आला, तर श्रीमंत-गरीब हा भेद निदान जेवताना तरी पुसला जात नव्हता का? वरवर पाहता जात होता. नियमाची झळ बसली ती भात परवडणाऱ्यालाच, आणि नाइलाजाने जव खाणारा तपासणीत आपोआप उत्तीर्ण होई. पण भाताशेजारी एकाकडे अंडे आणि दुसऱ्याकडे नुसते किमची असे, तो फरक नियमाला दिसत नव्हता. आणि ज्याने डबाच आणला नाही, त्याचे काय तपासणार? उपाशी मूल नियमाच्या लेखी निर्दोष होते.

त्या मुलापर्यंत पोहोचायला वेगळी व्यवस्था लागली. कोरियन युद्धानंतर 1953पासून परदेशी मदतीवर काही शाळांत खाणे मिळे. शालेय भोजनाचा कायदा झाला 1981 साली, आणि सर्व प्राथमिक शाळांत जेवण पोहोचायला 1990चे दशक सरत आले. ते सर्वांना मोफत द्यावे का, यावरून 2011 साली सोलमध्ये सार्वमत घेतले गेले. आवश्यक तितके मतदान झाले नाही आणि सरसकट मोफत जेवणाला विरोध करणाऱ्या महापौरांना पद सोडावे लागले. म्हणजे तीन-चार दशकांत वादाचा विषय बदलला होता. मुलाने काय आणावे याऐवजी सरकारने काय द्यावे, यावर लोक भांडत होते. शाळेने डब्यासाठी नियम करूच नयेत, असा याचा अर्थ नाही. पण पालकांना जाब विचारण्याआधी शासनाने स्वतः काय वाढले, हे सांगायला हवे. कोरियातल्या तपासणीत नेमका तोच हिशोब कोणी मागत नव्हते.